कागदाबाहेर गेलेलं मीठ

मित्रांनो, मी एक जुना एन्लार्जर आहे, आणि माणसाला मोठं करणं हे माझं जीवनकार्य आहे. शाळा, संस्कार आणि थोरामोठ्यांची भाषणं यांना जे पंधरा-वीस वर्षांत जमत नाही, ते मी बारा सेकंदांत करत असे. पण लगेच हात जोडू नका. माझ्या पोटात पंचाहत्तर वॉटचा एक दिवा आहे, दिव्याखाली निगेटिव्ह सरकवायची फट आहे, फटीखाली भिंग आहे, आणि हे सगळं बिऱ्हाड एका उभ्या दांड्यावर खालीवर सरकतं. तुम्ही फोनच्या काचेवर दोन बोटं फाकवून जे करता तेच मी करत असे, फक्त त्यासाठी अंधार, लाल दिवा आणि वास मारणारी रसायनं लागत. मी माणसं मोठी केली हे खरं आहे. मात्र ती गळ्यापासून वरच केली, आणि बहुतेक ती गेल्यानंतर.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला आठवत नाही. आठवतं ते टेंभी नाक्याजवळच्या स्टुडिओपासून. तिथे मी दाखवायच्या मुलींना आणि बारशाच्या बाळांना मोठं करत होतो. पुढे रंगीत फोटोंच्या लॅब आल्या, स्टुडिओच्या जागी चपलांचं दुकान आलं, आणि एकोणनव्वद साली चोवीस वर्षांचा एक किडकिडीत तरुण मला चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षातून निघाला. रिक्षावाल्याने विचारलं, "पेशंट आहे का?" तो म्हणाला, "नाही, एन्लार्जर." रिक्षावाला म्हणाला, "मग हळू घेतो." इतक्या आदराने मला पुन्हा कोणी नेलं नाही.

त्या तरुणाचं नाव महेंद्र. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर, मूळ गाव कोकणात, राहायला डोंबिवलीत वन-रूम-किचन. लग्नामुंजींचे फोटो काढून तो घर चालवी. पण ते त्याच्या लेखी फोटोच नव्हते. त्याला वेड होतं रोजच्या जगण्याचं. टेंभी नाक्यावर दहीहंडीला सगळे फोटोग्राफर माना वर करून उभे असत. हा दुसऱ्या दिवशी सकाळी जाई आणि फुटलेल्या हंडीची खापरं झाडणाऱ्या बाईचा फोटो काढी. वागळे इस्टेटमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा उघडणारे तेलकट हात. टिटवाळ्याला झाडाखाली गिऱ्हाइकाची वाट पाहत स्वतःचीच दाढी करणारा न्हावी. लोक म्हणत, "अरे, यात काय आहे?" महेंद्र म्हणे, "तेच."

माझी स्थापना मोरीत झाली. दुपारी बारा ते सहा मोरी माझी, सहाला नळ येई तेव्हा त्याच्या बायकोची. तिचं नाव हेमा. बाई सोशिक होती, पण मुकी नव्हती.

"अहो, पावणेसहा झाले. तुमची माणसं उचला."

"दहाच मिनिटं. लेथवाला अजून ट्रेमध्ये आहे."

"आणि माझ्या अंघोळीच्या बादलीत कोण आहे?"

"मिठागर."

"त्यांना म्हणावं लवकर आटपा. मला कुकर लावायचाय."

वन-रूम-किचनमध्ये मोरीला सगळं ऐकू येतं. त्यामुळे जगाबद्दल मला जे कळलं ते दोनच वाटांनी कळलं. एक कानांनी, आणि दुसरी निगेटिव्हमधून. निगेटिव्हमध्ये जग उलटं टांगलेलं असतं, आणि काळ्याचं पांढरं झालेलं असतं. मी आयुष्यभर पाहिलेलं मीठ काळंकुट्ट होतं.

मिठाचं सांगायला हवं. ठाण्याच्या खाडीकडे एक गाव होतं. गाव अजून आहे, फक्त आता उभं आहे. तेव्हा आडवं होतं. भातशेती आणि मिठागरं यांवर जगणारी, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच माणसं. महेंद्र वर्षानुवर्षं त्या गावात जात राहिला. खाचरांतलं पाणी आटून मीठ धरायला लागलं, की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते ओढून ढीग घालायचे. उन्हाने वर भाजायचं, पाण्याने खाली पाय सडायचे. महेंद्र बांधावर बसून राही. त्याची एकच इच्छा होती, आणि ती त्याने हेमाला इतक्यांदा सांगितली होती की मलाही पाठ झाली. "यांतला एक तरी फोटो कोणाच्या तरी घरात, भिंतीवर, अख्खा लागावा. माणूस आणि त्याचं काम, दोन्ही."

"लागेल हो," हेमा म्हणे. "आधी आपल्या भिंतीला चुना लागू दे."

शहाण्णव साली त्या गावातला काळुराम गेला. साठीचा, मीठ ओढणारा. तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा नयन डोंबिवलीत आमच्या दारात उभा.

"महेंद्रभाऊ, बाबांचा फोटो काढलेला ना तुम्ही? दहाव्याला लावायला घरात एक पण नाही. एक आहे तो सरकारी कागदावरचा, त्यात नाकावर शिक्का बसलाय."

महेंद्रने फोटो आणला. मला तो चांगला माहीत होता, माझ्याच हातचा. काळुराम पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, फळी ओढता ओढता मागे वळून कोणाला तरी काहीतरी बोललेला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत सुटलेला. मागे मिठाचे ढीग ओळीने.

नयन बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मस्त आलाय. पण यात बाबा कामावर आहेत."

"मग?"

"मग काय? मेल्यावर तरी त्यांना बसू द्या की जरा."

महेंद्रने फोटो परत हातात घेतला.

"मागचं ते मीठबीठ काढा," नयन म्हणाला, "फक्त तोंड ठेवा. आणि ती बनियन फाटकी आहे. कोट घाला."

"कोट? काळुरामला?"

"सगळ्यांनाच घालतात, भाऊ."

त्या दुपारी महेंद्रने काळुरामची निगेटिव्ह माझ्यात सरकवली आणि मला दांड्यावर वर नेलं. मित्रांनो, माझ्या यंत्रणेचं सगळं रहस्य एवढंच आहे. मला वर सरकवलं की माणूस मोठा होतो, आणि जसजसा मोठा होतो तसतसं बाकीचं कागदाच्या कडेवरून बाहेर पडत जातं. आधी ढीग गेले. मग पाणी गेलं. मग फळी, मग हात. शेवटी हसणारं डोकं उरलं, तेही कशावर हसतंय ते कळेना. नंतर महेंद्रने बारीक ब्रशने त्याला काळा कोट रंगवला. कोटाचा महेंद्रला अनुभव नव्हता. आयुष्यात त्याने कोट घातला नव्हता. लग्नातही सफारीवर भागवलं होतं. त्यामुळे एक खांदा जरा वर आला.

फोटो गावात गाजला. खांद्याबद्दल कोणी बोललं नाही. त्यानंतर खाडीकडच्या त्या गावात कोणी गेलं की माणसं थेट आमच्याकडे येत. महेंद्रकडे प्रत्येकाचा फोटो असेच, आणि प्रत्येक जण कामावर असे. तीन वर्षांत मी पंचवीसेक माणसांना जाळ्यांतून, भातातून, मिठातून वर उचललं आणि कोटांत बसवलं.

मग नव्व्याण्णव साली महेंद्रचं प्रदर्शन झालं. पहिलं, आणि तेच शेवटचं. ठाण्यातल्या एका सभागृहात चाळीस फोटो, सगळे अख्खे. मी सलग दीड महिना तापत होतो. हेमाने शेजारणीकडे अंघोळ केली. महेंद्रने हट्टाने सगळ्या गावाला बोलावलं, आणि गाव आलंही, टेम्पो करून.

इथे जे घडलं त्यात कोणाचाच दोष नव्हता. गावाने महेंद्रचे फोटो आजवर एकाच ठिकाणी पाहिलेले, हाराखाली. लोकांनी सभागृहाबाहेर चपला काढल्या. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. आणि सगळे जण एकामागून एक, प्रत्येक फोटोसमोर हात जोडत निघाले. दारात बसून जवळा सुकवणाऱ्या सखुबाईच्या फोटोसमोर तिची एक लांबची वहिनी थांबली, "कवा गेली गो? मना कोनी कलवला पन नाय," म्हणून रडायला लागली, आणि वेणीतलं फूल काढून तिने फ्रेमला लावलं.

मागून आवाज आला, "अगो मेले, मी ही उभी हाय ना!"

हे महेंद्रने घरी येऊन सांगितलं तेव्हा हेमा हसून हसून मोरीच्या उंबऱ्यावर बसली. सखुबाई स्वतःसुद्धा गावभर हसत सांगत फिरली. चार महिन्यांनी सखुबाई गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. गाव म्हणालं, फोटो.

त्यानंतर महेंद्र गावात शिरला की दारं लागत. म्हाताऱ्यांना आत घेत. पोरं ओरडत, "हारवाला आला!" ही गोष्ट खाडीवरून वागळे इस्टेटमध्येही पोचली. तिथल्या कॅन्टीनचा धोंडिबा कॅमेरा दिसला की तोंडावर फडकं घेई आणि फडक्याआडून म्हणे, "चहा घे, पण ते डबडं खाली ठेव. मला दोन पोरींची लग्नं करायचीत." रोजचं जगणं टिपायला निघालेल्या माणसाला रोज जगणारी माणसं दिसेनाशी झाली. महेंद्र कॅमेरा गळ्यात घालून जाई आणि तसाच परत येई. कधी खाचरांचे, कधी रिकाम्या बांधांचे फोटो आणी. मी ते मोठे करी. रिकामा बांध मोठा केला की मोठा रिकामा बांध होतो, एवढं मी त्या काळात शिकलो.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एक म्हातारी विचारत विचारत डोंबिवलीला आली. काळुरामची बायको, बायजा. तिने हेमाला मिठाची पुरचुंडी दिली, पाणी प्याली आणि महेंद्रला म्हणाली, "फोटोवाल्या, माजा फोटो काढ."

"मावशी, गाव काय म्हणतंय माहीत आहे ना?"

"गावाला काय करायचा? मना बासष्ट झाली. मराची ती मरनारच, तुज्या डबड्यानं न्हाय नि काय." मग तिने तांब्या खाली ठेवला. "तू आमच्या बाप्याला कोट घातलास."

"नयन म्हणाला म्हणून."

"सात वर्सां झाली. रोज दिवा लावते त्याच्या म्होरं. यो कोटवाला कोन, मना वलखू येत नाय." हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. भाजी महाग झाली हे सांगावं तसं सांगितलं. "मी मेले का मना त्याच्या बाजूला लावतील. माजा डोका कापू नको. मना अख्खी लाव. पाय, फली, मीठ, समदा. त्यानं मना वलखाय पायजे."

"अख्खी लावीन," महेंद्र म्हणाला.

"सबूद?"

"शब्द."

मिठागराचा तो शेवटचा हंगाम होता. पंधरा दिवसांनी तिची निगेटिव्ह माझ्या फटीत आली. काळ्या मिठात पांढरीफटक बायजा, दोन्ही हातांनी फळी धरून सरळ भिंगात पाहणारी. ती हसत नव्हती. कोणी दार ठोठावल्यावर आपण जसं पाहतो, तसं पाहत होती. आणि तिच्या पायांकडे जाणारा, खालच्या कडेपासून निघालेला एक उजळ आकार होता. त्याचं डोकं तिच्या घोट्यांपर्यंत पोचलं होतं.

"अरे देवा," महेंद्र लाल दिव्यात पुटपुटला. "माझी सावली आलीय."

सूर्य पाठीशी घेऊन उभं राहिलं की सावली पुढे पडते, हे कॅमेरा घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात कळतं. चौदा वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाने केलेली ही चूक. हेमाने दारातून डोकावून पाहिलं.

"खालून कापा तेवढं."

"तिला अख्खी म्हणालोय."

"तिला म्हणालात, सावलीला नाही."

"एकदा कापायला घेतलं की कुठे थांबायचं ते कळत नाही, हेमा. माझंच बघ ना."

बायजाने मोठा फोटो तेव्हा घरी नेला नाही. नेला तर नयन मना जिती असतानाच हार घालील, म्हणाली. तेव्हा ठरलं की ती गेल्यावर करायचा.

मित्रांनो, दोन-तीन वर्षांत फिल्म संपली. कॅमेऱ्यांना पडदे आले, लोकांच्या खिशात कॅमेरे आले, आणि रोजच्या जगण्याचे फोटो रोज जगणारेच काढू लागले. महेंद्र लग्नाच्या व्हिडिओला दिवे धरू लागला. पुढे तीन-चार वर्षांनी आम्ही टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेलो. सामान हलवताना हेमा म्हणाली, "याला भंगारात देऊया आता." महेंद्र म्हणाला, "एक फोटो बाकी आहे." मी माळ्यावर गेलो. एका मृत्यूची वाट पाहत मी तिथे बारा-तेरा वर्षं बसलो. असं बसणं शोभत नाही, पण दुसरं काम नव्हतं.

बायजा चिवट निघाली. एक्क्याऐंशीची होऊन दोन हजार बावीस साली गेली. महेंद्र तेव्हा सत्तावन्नचा होता, त्याचे गुडघे गेले होते. तरी तो स्वतः शिडीवर चढला. माझ्या भिंगावर बुरशी होती, ती त्याने धोतराच्या मऊ फडक्याने पुसली. वीस वर्षं जुना कागद कोणाकोणाकडून मिळवला. मोरीचं नाव आता बाथरूम होतं. त्याच्या खिडकीला त्याने काळं पोतं ठोकलं. बारा सेकंदांच्या जागी मला पन्नास सेकंद लागले. मोठ्या आकारासाठी मला उलट्या बाजूला वळवून प्रकाश फरशीवर पाडावा लागला. ट्रेमध्ये बायजा हळूहळू वर आली. आधी फळी, मग पदर, मग डोळे, आणि मिठाचे ढीग. बाहेरून हेमाने विचारलं, "आली का?" महेंद्र म्हणाला, "आली."

तो, हेमा आणि मी, तिघंही वाट पाहून थकलो होतो. फ्रेम करून तो दहाव्याला घेऊन गेला. गावाच्या शेतांत आता बावीस मजले उभे होते आणि नयनकडे त्यातले दोन अख्खे होते. महेंद्र रिकाम्या हातांनी परत आला तेव्हा शीळ घालत होता. "लावला," म्हणाला. "काळुरामच्या बाजूला."

पाचव्या दिवशी नयन मोटार घेऊन आला. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.

"दादा, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही केलेलं कोणी करत नाही आजकाल. पण बायका घाबरल्यात. आईच्या पायाशी कोणतरी आलंय म्हणतात. न्यायला आल्यासारखं."

"मी आहे तो," महेंद्र म्हणाला.

"तेच तर," नयन म्हणाला.

मग नयनने मोबाइल पुढे केला. "तोंड घेतलंय आम्ही याच्यातून. सून करते ते. मागे गुलाबी केलंय, बघा, फ्रेश वाटतं."

"त्यांनी मला सांगितलं होतं, नयन. अख्खी लाव म्हणून."

"आई काय, काही पण बोलायची," नयन म्हणाला, पण खाली बघून म्हणाला.

हेमाने फ्रेम भिंतीवर लावू दिली नाही. दुसऱ्यांच्या घरची गेलेली बाई आपल्या हॉलमध्ये कशाला, हे तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बायजा माळ्यावर माझ्या शेजारी आली, भिंतीकडे तोंड करून. महेंद्रने त्यानंतर कॅमेरा हातात घेतलेला मी ऐकला नाही. दोन वर्षांनी त्याला ताप आला, आणि सहाव्या दिवशी तो गेला.

आता फोटो हवा होता.

महेंद्रची मुलगी समीक्षा वागळे इस्टेटमध्ये काचेच्या एका इमारतीत नोकरीला आहे, तिच्या आजोबांचा कारखाना होता त्याच गल्लीत. तिने आणि हेमाने अकरा हजार निगेटिव्ह दिव्यासमोर धरून पाहिल्या. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतचं सगळं जग निघालं, महेंद्र एकात नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये होता, पण फोटोग्राफरला उजेड कुठून घ्यायचा ते सांगताना, मान फिरवलेली.

मग समीक्षाला सावली आठवली. तेराव्याच्या सकाळी तिने माळ्यावरून बायजाची फ्रेम काढली, आणि बाबांची आवडती वस्तू म्हणून मलाही. फ्रेम पाटावर ठेवली, हार घातला. मी कोपऱ्यात. पस्तीस वर्षांत मी पहिल्यांदा एखादा फोटो सरळ, उजेडात, भिंतीजवळ पाहत होतो. मीठ पांढरं असतं, मित्रांनो.

कोकणातून आलेले एक लांबचे चुलते आत आले, नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "महेंद्रची आई का ही? वेगळीच दिसते." एका मावशींनी फोटोला हळदकुंकू वाहिलं. समीक्षा प्रत्येकाला खाली बोट दाखवून सांगत होती, "ही सावली. सावली म्हणजे बाबा." लोक वाकून बघत, मान डोलवत आणि पुन्हा बायजालाच हात जोडत.

कॅन्टीनवाला धोंडिबा आला, काठी टेकत, ऐंशीच्या पुढचा. बराच वेळ फोटोकडे पाहून हेमाला म्हणाला, "वहिनी, माणूस सोन्यासारखा. पण मी काढू दिला नाही, म्हणून आहे."

शेवटी नयन आला. दारातच थांबला.

"ही आमची आई," तो म्हणाला.

"हो," समीक्षा म्हणाली, "आणि ते आमचे बाबा."

नयन चपला काढून आत आला आणि फोटोसमोर खाली बसला. जेवणाची पानं मांडेपर्यंत बसून होता. मग म्हणाला, "गुलाबीमध्ये ती आईसारखी दिसतच नाही गं." आणि जरा वेळाने, "देशील मला? अख्खा लावतो. बाबांच्या बाजूला."

समीक्षाने आईकडे पाहिलं. हेमा म्हणाली, "त्यांची आहे ती. देऊन टाक."

समीक्षा महिन्याभराने खात्री करायला गेली आणि येऊन तिने जे सांगितलं ते मी कोपऱ्यातून ऐकलं. फोटो लावलाय. काळुरामच्या बाजूलाच. फळी आहे, पाय आहेत, मीठ आहे. फक्त देवघराच्या वर फ्रेम बसेना, म्हणून सुताराने खालून चार इंच कापली. बायजाच्या घोट्यांशी एक काळा गोळा तेवढा उरलाय. नयनची सून म्हणते, भिंतीला ओल आहे, तिचा डाग असेल.

मित्रांनो, मी आता टिटवाळ्याच्या हॉलमध्ये उभा असतो. समीक्षाने माझ्या पोटात एलईडीचा दिवा बसवलाय, मी शोभेचा झालो आहे. माझं मागणं फार नाही. तुमच्या घरातल्या माणसांचे फोटो त्यांचं काम चालू असताना काढा, कडा सांभाळून काढा, आणि जो काढतो त्याचाही एखादा काढून ठेवा. कारण नंतर हाराचा फोटो करायला जाल तेव्हा फोटोचा दुकानदार फक्त तोंड मागतो.

माझा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. तिथे महेंद्र आहे. पुतण्याच्या लग्नात जेवणाच्या रांगेत कोणीतरी मोबाइलवर काढलेला, नंतर सापडलेला फोटो, हातातली ताटली दुकानदाराने काढून टाकली आहे. हेमाने सांगितल्यावरून कोट घातला आहे.

कोट निळा आहे. खांदे अगदी बरोबर बसलेत.